एका वऱ्हाडाची तीन नावे

आमच्या मुलखाचे नाव लिहायचे तर एका अक्षरावाचून गत्यंतर नाही. ते म्हणजे ‘वऱ्हाड’मधला, पापणीच्या केसासारखा दिसणारा अर्धा ‘र’. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल घळी. हा सारा फरक त्या एका रेघेवर उभा आहे. रोहिणखेडच्या माणसाला दर्या सहसा दिसत नाही; पण गाव घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे दऱ्या मात्र लहानपणापासून ओळखीच्या. मराठीच्या तासाला शिकलेले हे अक्षर पुढे माझ्या प्रकल्पाच्या आड येईल असे कुणी सांगितले असते, तर मला हसू आले असते.

झाले ते असे. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या आणि जुने वऱ्हाडी शब्द जमा करीत होते. ध्वनिमुद्रण मोबाईलवर, टंकलेखन महाविद्यालयाच्या संगणक कक्षात, आणि आवाजातली खरखर काढण्याचे काम पुण्याला चित्रफितींचे संकलन करणाऱ्या मामेभावाकडे, अशी वाटणी होती. कक्षातले संगणक लिनक्सवर चालतात, मोबाईल अँड्रॉईडवर, भावाकडे जुना मॅक आणि गावातल्या ऑनलाईन अर्ज भरण्याच्या दुकानात विंडोज. सगळीकडून आलेले काम मी कक्षातल्या एका संगणकावर एका फोल्डरमध्ये ठेवले, तेव्हा पडद्यावर ‘वऱ्हाड’ या एकाच नावाच्या तीन फायली ओळीने उभ्या राहिल्या. एका फोल्डरात एका नावाच्या दोन फायली राहू शकत नाहीत, हे तर संगणकाच्या पहिल्या धड्यात शिकवतात! शोधायला गेले तर तिघींतली एकच सापडे. आणि ती कोणती, हे मी कोणत्या कीबोर्डवरून नाव टंकते यावर अवलंबून.

त्या कोड्याने मला ज्या विषयात ओढले, तो कलाशाखेच्या विद्यार्थिनीचा नव्हे असे कुणी म्हणेल. विषय असा: एका ऑपरेटिंग सिस्टिमवर ठेवलेली फाईल दुसरीवर जशीच्या तशी उघडावी, तिचे नाव, तिची वेळ, तिचा आकार यांतले काही हरवू नये, अशी साठवणीची व्यवस्था कशी करायची? पण वाचीत गेले तसतसे वाटू लागले, की हा प्रश्न जितका यंत्राचा आहे तितकाच लिपीचा, भाषेचा आणि थोडासा इतिहासाचाही आहे.

फाईल सिस्टिम म्हणजे काय, हे समजायला पटवाऱ्याचे दप्तर पुरे. शिवारातली जमीन आणि त्या जमिनीची नोंद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जमीन काळी, सलग आणि मुकी. कोणता गट कोणाचा हे ती सांगत नाही. ते सातबारा सांगतो. पेनड्राईव्ह किंवा डिस्क हेही असेच एक शिवार. त्यात क्रमांक दिलेल्या लहान लहान तुकड्यांत मजकूर पडलेला असतो. एका फाईलचा पहिला तुकडा इथे, तर दुसरा पार बांधापलीकडे. कोणता तुकडा कोणत्या फाईलचा, त्याच्यानंतरचा कोणता, फाईलचे नाव काय, ती कधी लिहिली, एकूण केवढी, याचे दप्तर म्हणजे फाईल सिस्टिम. फाईल पुसली म्हणजे बहुधा दप्तरातली नोंद तेवढी जाते. जमीन तशीच पडून असते. म्हणून तर पुसलेले फोटो कधी कधी परत मिळतात.

आता अशी कल्पना करा, की प्रत्येक तालुक्याच्या पटवाऱ्याने नोंदीचा नमुना स्वतःच्या मनाने आखला. मोताळ्याच्या दप्तरात मालकाचे नाव डावीकडे, तर मलकापूरच्या दप्तरात उजवीकडे; एक एकरांत मोजतो, दुसरा बिघ्यांत. एकाचे दप्तर दुसऱ्याच्या हाती दिले तर जमीन तीच असूनही त्याला ती बेवारस दिसेल. नेमके हेच पेनड्राईव्हचे होते. ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असे यंत्र सांगते, तेव्हा पुष्कळदा डिस्क कोरी नसते. त्या यंत्राला ते दप्तर वाचता येत नसते, एवढेच. आणि भाबडेपणाने कुणी ‘हो’ म्हटले, की जुन्या दप्तरावर नवे कोरे दप्तर उघडले जाते.

हा अनुभव वऱ्हाडाला नवा नाही. आमच्या रोहिणखेडजवळ १४३७ मध्ये बहमनी सैन्याने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला. गावातली देखणी मशीद खुदावंतखान महदवीने १५८२ मध्ये बांधली. पुढे निजामाचा अंमल आला. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. शिवार तेच राहिले, वर चालणारी व्यवस्था बदलत गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी दिव्याच्या उजेडात बसून जुन्या नोंदी नव्या नमुन्यात उतरवल्या असणार. ज्यांची नोंद त्या उतरवण्यात सुटली, त्यांचे काय झाले हे इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. मला या विषयाची गोडी लागली ती इथे.

संगणकाच्या जगातले सर्वांत चिवट दप्तर ‘फॅट’ या नावाचे. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅक्डोनल्डने ते फ्लॉपीसाठी लिहिले, आणि १९८१ च्या एमएस-डॉसबरोबर ते घरोघर पोचले. त्यात फाईलच्या नावाला आठ अक्षरे आणि प्रकार दाखवायला मागे तीन, एवढीच जागा. रोमन लिपीत ‘बुलढाणा’ आठ अक्षरांत बरोबर बसते, ‘मलकापूर’ही बसते, आमचे ‘रोहिणखेड’ पडले नऊ अक्षरांचे, म्हणून शेवटच्या ‘डी’ला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे. १९९५ मध्ये विंडोजने लांब नावांची सोय केली, आणि तीही जुना नमुना न मोडता: लांब नाव शेजारच्या नोंदींत तुकड्यातुकड्यांनी लिहायचे आणि जुन्या यंत्रांसाठी आठ अक्षरांचे एक टोपणनाव ठेवायचे. रोहिणखेडचे टोपणनाव म्हणजे पहिली सहा अक्षरे, एक नागमोडी चिन्ह आणि एकचा आकडा. मुलीला घरात एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, तसेच हे.

फॅट साधे होते, म्हणूनच ते सर्वांनी उचलले. कॅमेरा, ध्वनिमुद्रक, दूरदर्शन संच, गाडीतला गाणी वाजवणारा डबा, सगळ्यांना ते वाचता येते. निरनिराळ्या मुलखांतल्या माणसांच्या बाजारात जशी एक मोडकीतोडकी सामाईक बोली तयार होते, तशी ही बोली. पण सामाईक बोलीत सौदा होतो, कीर्तन होत नाही. हे मी शब्दशः म्हणते आहे. गेल्या वर्षी गावातल्या सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनाचे चित्रीकरण झाले आणि चित्रीकरण करणाऱ्याने त्याची एकसंध फाईल करून दिली. ती पाच जीबीहून मोठी. सोळा जीबीच्या रिकाम्या पेनड्राईव्हवर ती काही केल्या उतरेना. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, पेनड्राईव्हच खराब हाये, नवा घ्या.’’ नवा आणला, त्याच्यावरही उतरेना. कारण दोन्ही फॅट-३२ चे होते. १९९६ मध्ये आलेल्या या प्रकारात फाईलचा आकार लिहायला शून्य-एकचे ३२ रकाने आहेत, आणि त्यांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा मावतो. म्हणजे चार जीबीला एक बाईट कमी. किराणा दुकानाच्या वहीत रकमेला चारच चौकटी आखलेल्या असतील, तर दुकानात माल कितीही असो, दहा हजारांची उधारी मांडता येणार नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सफॅट’ आणले, त्यात या नोंदीला ३२ ऐवजी ६४ रकाने दिले, आणि कीर्तनाची सोय झाली.

तथापि, सामाईक बोलीचा मालक कोण, हा प्रश्न राहिलाच. २००९ मध्ये मोठ्या क्षमतेच्या मेमरी कार्डांसाठी एक्सफॅट हेच प्रमाण ठरले. पण त्याचा तपशील खुला नव्हता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या रस्ता दाखवणारी यंत्रे करणाऱ्या कंपनीवर दावा लावला. दाव्यातल्या पेटंटांत फॅटमधली ती लांब नावांची युक्तीही होती. प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील प्रसिद्ध केला, आणि २०२० मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी लिहिलेला चालक लिनक्समध्ये सामील झाला. मधली दहा-बारा वर्षे विहीर गावाची आणि दोर एका घरचा, अशी स्थिती होती.

आता नावांकडे वळते. इंग्रजीत अक्षरांची लहान आणि मोठी अशी दोन रूपे. लिनक्स त्यांना वेगळी धरते, विंडोज सहसा धरत नाही; त्यामुळे तिकडच्या दोन फायली इकडे आल्या की एकमेकींच्या जागेवर भांडतात. देवनागरीत लहानमोठेपणा नाही, तेव्हा आपण या कटकटीतून सुटलो असे मला वाटले. तो आनंद फार टिकला नाही. ओव्यांचे मी विषयवार फोल्डर केले होते: माहेर, भाऊ, सासुरवास, दुःख. टंकायला मदत करणाऱ्या मैत्रिणीने ‘दुःख’ लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबे दिली. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि छापील मजकुरातही ही अदलाबदल नेहमी आढळते. लिनक्सने ते मुकाट्याने घेतले. पण ती दोन टिंबे विंडोजच्या घराण्यात ड्राईव्हच्या अक्षरामागे लावण्यासाठी राखून ठेवलेली आहेत. फाईलच्या नावात ती चालत नाहीत, आणि फॅटच्या पेनड्राईव्हवरही चालत नाहीत. सगळे पेनड्राईव्हवर उतरवले तेव्हा माहेर गेले, भाऊ गेला, सासुरवास गेला. दुःख तेवढे मागे राहिले.

लांबीचेही तसेच. ओवीची पहिली ओळ हेच फाईलचे नाव ठेवावे, असा माझा बेत होता. लिनक्सच्या नेहमीच्या ‘ईएक्सटी-४’ व्यवस्थेत नावाला २५५ बाईट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाईटात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाईट घेते. म्हणजे इंग्रजीला २५५ अक्षरे आणि आपल्याला ८५ चिन्हे. विंडोजची ‘एनटीएफएस’ १९९३ पासूनची. तिची मोजणी निराळी असल्यामुळे तेथे देवनागरीलाही २५५ चिन्हे मिळतात. सबब लांब ओळीचे नाव एका यंत्रावर सुखाने नांदते आणि दुसरे तिला दारातच अडवते.

आणि शेवटी तो ‘ऱ’. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला आहे. साध्या ‘र’चा ०९३०, या खास ‘ऱ’चा ०९३१. आता ‘वऱ्हाड’ तीन तऱ्हांनी लिहिता येते. पहिली तऱ्हा: साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे, डोळ्यांना न दिसणारे चिन्ह. दुसरी: ०९३१ चा ‘ऱ’ आणि हलन्त. तिसरी: साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. दुसरीत सहा चिन्हे आणि अठरा बाईट. पहिलीत व तिसरीत सात चिन्हे आणि एकवीस बाईट. माझा मोबाईल पहिल्या तऱ्हेने लिहीत होता, कक्षातला कीबोर्ड दुसऱ्या. भावाच्या जुन्या मॅकवरची ‘एचएफएस प्लस’ ही १९९८ पासूनची व्यवस्था प्रत्येक नाव आत घेताना त्याची फोड करून ठेवी, म्हणून तिथून झिप होऊन आलेले नाव तिसऱ्या तऱ्हेचे. लिनक्स नावातली अक्षरे वाचीत नाही, फक्त बाईट जुळवते. म्हणून तिच्या लेखी ती तीन निरनिराळी गावे होती. दोष तसा कुणाचाच नाही. प्रत्येक यंत्र आपापल्या नियमाने बरोबरच वागत होते, आणि तरी वऱ्हाड तीन झाले होते.

आकड्यांतही असाच घोळ आहे. आपण २५ लिहितो तेव्हा आधी दोन आणि मग पाच. पण म्हणताना ‘पंचवीस’, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. इंग्रज मात्र लिहितो त्याच क्रमाने बोलतो. यंत्रांतही असे दोन पंथ आहेत. मोठा आकडा अनेक बाईटांत साठवताना इंटेलच्या घराण्यातली यंत्रे लहान बाजू आधी ठेवतात. सनच्या स्पार्कसारखी यंत्रे मोठी बाजू आधी ठेवत. या पंथांची इंग्रजी नावे वाङ्मयातून आली आहेत. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडायचे की लहान टोकाकडून, यावरून लढाया होतात. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८० मध्ये तीच नावे या भांडणाला दिली. इंग्रजी विभागाने ही नोंद घ्यावी.

या भांडणावरचा सर्वांत समंजस तोडगा मला सीडीच्या व्यवस्थेत सापडला. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ‘हाय सिएरा’ नावाच्या हॉटेलात काही कंपन्यांचे लोक जमले. त्यांनी सुरू केलेल्या कामातून १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. त्यात महत्त्वाचे आकडे दोन्ही क्रमांनी, शेजारी शेजारी लिहिलेले असतात. ज्याला जो वाचता येईल तो त्याने वाचावा. बँकेच्या चेकवर रक्कम अक्षरी आणि अंकी लिहितात, तसे. त्याची किंमत मात्र नावांना मोजावी लागली: सर्वांत कडक पायरीवर पुन्हा तीच आठ आणि तीन अक्षरे, तीही फक्त मोठी रोमन, अंक आणि खालची रेघ. मग युनिक्सवाल्यांनी ‘रॉक रिज’ आणि मायक्रोसॉफ्टने ‘ज्योलिएट’ अशा पुरवण्या जोडून नावांना जागा करून दिली.

दुसरा मार्ग असा, की एकच फाईल सिस्टिम सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेऊन बसवायची. या कामाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. व्हेरिटास या अमेरिकन कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात उभे राहिले, आणि साठवणीचे सॉफ्टवेअर हाच तिचा व्यवसाय. तिची फाईल सिस्टिम सोलॅरिस, एचपी-यूएक्स, एआयएक्स आणि लिनक्स अशा निरनिराळ्या व्यवस्थांवर चाले. एका यंत्राची डिस्क दुसऱ्या घराण्यातल्या यंत्राला जोडताना मजकुराला हात न लावता फक्त दप्तरातल्या आकड्यांचा क्रम उलटवून देण्याची सोयही तिने पुढे केली. पटवाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमीन न मोजता फक्त सातबाऱ्याचे भाषांतर.

तिसरा मार्ग दुभाष्याचा. १९८६ मध्ये सन कंपनीच्या स्टीव्ह क्लाइमनने एक रचना मांडली: वरच्या कार्यक्रमाने फक्त ‘उघड, वाच, लिही, बंद कर’ एवढीच क्रियापदे वापरावीत, आणि खाली जे कोणते दप्तर असेल त्याच्या दुभाष्याने ती आपापल्या पद्धतीने अमलात आणावीत. आज लिनक्स इतक्या परक्या व्यवस्था वाचते ती याच विचारामुळे. २००५ मध्ये मिक्लोश सेरेदीचे ‘फ्यूज’ लिनक्समध्ये आले, आणि असा दुभाष्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला हात न लावता लिहिण्याची वाट सर्वांना खुली झाली. त्याआधी, १९९२ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने युनिक्सच्या यंत्रावरच्या फायली डॉसच्या यंत्राला आपल्याच वाटाव्यात म्हणून एक छोटा कार्यक्रम लिहिला. त्याचे पुढे ‘सांबा’ झाले. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलावे एवढ्या साध्या गरजेपोटी एका विद्यार्थ्याने केलेले काम जगभर वापरले जाते, याचे मला विशेष वाटते.

आता कुणी विचारील, की ओव्या गोळा करणारीला हे सगळे कशासाठी? त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर व्यवस्था लावण्याचे आणि शंभराहून अधिक तासांच्या ध्वनिमुद्रणाचे काम केले. पॉइटवँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. गोळा करणारे गेले, गाणाऱ्या बायकांपैकीही किती तरी गेल्या, आणि ज्या यंत्रांवर हे काम सुरू झाले ती यंत्रेही गेली. तरी ओव्या उरल्या, कारण कुणीतरी त्या वेळोवेळी एका व्यवस्थेतून दुसरीत सुखरूप नेल्या. जात्यापासून गळ्यापर्यंत आणि गळ्यापासून वहीपर्यंतचा प्रवास आपण जाणतो. वहीपासून पुढचा प्रवासही तितकाच जोखमीचा आहे.

माझ्या संग्रहाची गोष्ट लहान आहे. माझी आत्या सत्तरी ओलांडलेली; शेतात जाण्याआधी, पहाटे पाचला ती ओव्या म्हणून देई. फॅटच्या नोंदीत वेळ स्थानिक घड्याळाची असते आणि ती कोणत्या देशाची हे लिहिलेले नसते. एका यंत्राने ती ग्रीनिचची समजून आपले साडेपाच तास मिळवले, आणि पहाटेची ओवी सकाळी साडेदहाची झाली. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘साडेदहाले कोन दळते वं?’’ दळणाच्या वेळेत ओवीचा अर्धा अर्थ असतो, हे तिला सांगावे लागले नाही.

नावांचा प्रश्नही तिनेच सोडवला म्हणायचा. कोणत्या ओवीला काय नाव देऊ, असे मी विचारले, तर तिने डोळे मोठे केले. ‘‘माह्या ओवीले कायचं नाव वं? ओवी म्हंजे ओवी.’’ खरेच होते. नाव ही माझी गरज होती, ओवीची नव्हे. मग मी असे ठरवले. फाईलच्या नावात फक्त लहान रोमन अक्षरे, अंक आणि खालची रेघ; गावाचे संक्षिप्त नाव, वर्ष आणि क्रमांक. हे नाव १९८८ च्या सीडीपासून आजच्या मोबाईलपर्यंत थोड्याफार फरकाने कुठेही चालेल. बाकी सारे, म्हणजे ओवीची ओळ, गाणारीचे गाव, वेळ, शब्दाचा अर्थ, हे यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या एका साध्या नोंदवहीत. त्या नोंदवहीत ‘ऱ’ सर्वत्र एकाच तऱ्हेचा, ०९३१ चा.

हा शेवटचा नियम मला हाताने घालावा लागला. युनिकोडचा प्रमाणीकरणाचा जो नियम आहे, तो दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेच्या वऱ्हाडाला एक करतो. पहिलीला करीत नाही. त्याच्या दृष्टीने ती वेगळीच लिखावट आहे. त्या पहिल्या तऱ्हेला दुसरीशी जोडण्याचे काम तो नियम करणाऱ्यांनी केले नाही, आणि त्यांनी ते आपणहून करावे अशी अपेक्षाही बरोबर नाही. ‘वऱ्हाड’ हा एकच शब्द आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानेच ते सांगितले पाहिजे. शब्दकोश करणारे, शुद्धलेखन शिकवणारे, कीबोर्ड बनवणारे यांनी एका टेबलाशी बसण्याची ही गोष्ट आहे, आणि मराठी शिकलेल्या विद्यार्थ्याला त्या टेबलाशी खुर्ची आहे, असे मला आता ठामपणे वाटते.

एक सल मात्र राहते. फाईल सगळीकडे जावी म्हणून तिच्या पाटीवरून मराठी काढून आत ठेवावी लागली. परगावी नोकरीला गेलेला माणूस बाहेर एक भाषा बोलतो आणि घरी दुसरी, तसाच हा व्यवहार. तो मी आज पत्करला आहे, कारण ओवी हरवण्यापेक्षा पाटी बदललेली बरी. पण देवनागरी नाव असलेली फाईल कोणत्याही यंत्रावर बिनधोक उघडेल, ही मागणी अवास्तव नाही. ती पुरी करायला लागणारी बरीच हत्यारे आधीच घडलेली आहेत.

तोवर एक सुचवते. आपल्या वार्षिकांकाचे जुने अंक कपाटात पिवळे पडत आहेत आणि केव्हातरी त्यांची छायाचित्रे काढून ती संगणकावर ठेवली जातील. ते काम ज्यांच्याकडे येईल त्यांनी फायलींना वर्ष आणि पृष्ठक्रमांक एवढेच नाव द्यावे, लेखकांची व लेखांची नावे एका साध्या मजकुराच्या यादीत लिहावीत, त्या यादीत ‘ऱ’ आणि विसर्ग तपासावेत, आणि एक प्रत एक्सफॅटच्या डिस्कवर व दुसरी निराळ्या ठिकाणी ठेवावी. दोन दुपारचे काम आहे. कक्षातला कोपऱ्यातला संगणक त्यासाठी पुरेसा आहे, आणि हात कमी पडले तर मला हाक मारावी.